खंडेनवमीचा बोल्ट

खंडेनवमीला सकाळी आमच्या घरातला फोन जो वाजायला लागतो, तो दुपारपर्यंत थांबत नाही. बायको म्हणते, "नाताळलासुद्धा तुमची इतकी आठवण कुणी काढत नाही." कारण साधं आहे. त्या दिवशी गावोगावची हत्यारं पाटावर बसलेली असतात. गॅरेजवाल्यानं पाने, जॅक, हातोड्या धुऊनपुसून मांडलेल्या, त्यांना हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पण हे गाडीला कोण सांगणार? ती नेमकी त्याच दिवशी अडते. मग कुणाला तरी आठवतं, की नागापूरचे साळवेमिस्त्री ख्रिश्चन आहेत, त्यांची हत्यारं मोकळी असतील. असा माझा धर्म वर्षातून एक दिवस सगळ्यांच्या उपयोगी पडतो.

अगदीच मोकळी नसतात म्हणा. शेजारी बबनचं गॅरेज आहे. तो दर नवमीला दारात येऊन उभा राहतो. "मिस्त्री, तुमची एखादी हातोडी द्या. तिलाबी कुकू लागू द्या. वरीसभर राबती बिचारी." मी एक जुनी हातोडी देतो. दसऱ्याला ती कुंकवासकट परत येते, बरोबर वाटीभर श्रीखंड येतं. नाताळला मी कामाला हात लावत नाही, तेव्हा माझी गिऱ्हाइकं बबन बघतो. आमचं हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय.

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होतो. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, बायकोला मी घरी बघवेना. म्हणून स्कूटरला लोखंडी पेटी बांधली आणि लोकांच्या दारात जाऊन एकच काम करायला लागलो. जाम झालेले, तुटलेले, डोकं चेचलेले बोल्ट काढायचे. गाडीचं बाकी काही मी करत नाही. इंजिन बांधायचं असेल तर बबनकडे जा. बोल्ट अडला असेल तर मला बोलवा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बोल्ट काढणं हे काय काम आहे? पाना लावला, फिरवला, निघाला. निघाला तर मलाही तसंच वाटतं. पण बोल्ट गंजला की त्याचे आटे आणि समोरचे आटे एकजीव होतात. त्यात कुणी घाईघाईनं ढिला पाना लावून जोर केला, की पाना घसरतो आणि बोल्टाच्या डोक्याचे सहा कोपरे झिजून ते गोल होतं. गोल डोक्याला कुठलाच पाना धरत नाही. तिथून पुढं माणूस जितकं करील तितकं बिघडवतो. मग शिव्या, मग हातोडी, मग माझा फोन.

हल्ली घरच्या घरी गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ झालेत. मोबाईलवर बघतात आणि अंगणात चाक खोलून बसतात. मला ते आवडतं. ज्याची गाडी त्याला तिची आतडी माहीत असावीत. राहुरीच्या एका गृहस्थांनी असंच कुठंतरी बघून जाम बोल्टावर कोल्ड्रिंकची बाटली ओतली आणि रात्रभर ठेवली. सकाळी मी गेलो तर बोल्ट जागच्या जागी आणि भोवती मुंग्यांची रांग. ते मोठ्या आशेनं म्हणाले, "थोडा सैल झाला असेल ना?" मी म्हटलं, "बोल्ट नाही निघाला, पण मुंग्या निघाल्यात." ते माझ्यापेक्षा जास्त हसले. अजून कुठं भेटले की मुंग्यांची आठवण काढतात.

दुसरे पाथर्डीचे एक पैलवान. जीप चालवायचे. यांचा बोल्ट जाम झाला, तेव्हा त्यांनी पान्याला लांबलचक पाइप लावला आणि तालमीत शिकलेला सगळा जोर एकदम लावला. बोल्टाचं डोकं तुटून हातात आलं. ते डोकं तळहातावर घेऊन ते असे उभे होते, जशी काही गदाच जिंकली. "मिस्त्री, बगा, कसा तोडला!" मला त्यांचं मन मोडवेना. म्हटलं, "वा, छान तोडला. आता उरलेला आत आहे, तो मी काढतो." तो काढायला सगळी दुपार गेली. आधी बरोबर मध्यावर खूण करायची, मग लहान ड्रिल, मग त्याहून मोठं, आणि आजूबाजूच्या आट्यांना धक्का लावायचा नाही. पैलवान बाजूला बसून मला शेंगा सोलून देत होते.

या कामात जोर शेवटी येतो. आधी बघायचं. बोल्टाचं डोकं नीट पुसून, उजेडात धरून बघायचं. कोपऱ्याचं लोखंड झिजतं तेव्हा ते एका बाजूला लोटलं जातं, कडेला बारीक ओठ येतो. तो ओठ कुठल्या बाजूला आलाय, त्यावरून पाना कुठल्या दिशेनं फिरवला ते कळतं. कारखान्यात आमचे उस्ताद म्हणायचे, आधी कुणी काय करून ठेवलंय ते बघ, मग तुझं सुरू कर. आता कारखान्यांतून ही रीत गेली. सुटा भाग अडला की अख्खा जोड फेकून नवा बसवतात. त्यांचंही बरोबर असेल, मशीन थांबवून ठेवणं परवडत नाही. पण कानस हातात धरून लोखंड सपाट करणारी माणसं माझ्याबरोबर संपणार, याचं वाईट वाटतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे अलीकडच्याच एका खंडेनवमीला आलेला फोन.

"काका, मी अश्विनी बोलते. रंगनाथ ड्रायव्हरांची मुलगी."

रंगनाथराव म्हणजे एसटीतले जुने ड्रायव्हर. राहुरीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची वस्ती आहे. त्यांच्या गाडीनं मी कितीदा तरी प्रवास केलाय. त्यांनी कधी करकचून ब्रेक मारला नाही आणि हात दाखवणाऱ्याला कधी मागं सोडलं नाही, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती आणि तिचं सगळं ते स्वतःच करायचे.

"तात्या ब्रेकचे पॅड बदलत होते," अश्विनी सांगत होती. "एका बोल्टचं डोकं पार गोल झालंय. मला उद्या सकाळी ती गाडी घेऊन पाथर्डीकडे निघायचंय, आणि सगळ्या गॅरेजवाल्यांची हत्यारं पूजेत आहेत. तुम्ही याल का?"

मागून रंगनाथरावांचा आवाज आला. "अगं, मिस्त्रीला सणासुदीचा कशाला तरास? ऱ्हाऊ दे. तू यष्टीनं जा."

मी म्हटलं, येतो.

गेलो तर अंगणात गाडी जॅकवर उभी, पुढचं उजवं चाक काढून ठेवलेलं. रंगनाथरावांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या आणि आल्या तशा सुरू झाल्या.

"तुमीच सांगा भाऊजी, आजच्या दिशी हत्याराला हात लावत्यात व्हय? जलमभर नवमीला पान्याला शिवलं न्हाईत. आज सकाळी उठलं ते थेट गाडीखाली."

रंगनाथराव चहाच्या कपात बघत म्हणाले, "डावं चाक काल झालं हुतं. उजवं ऱ्हायलं हुतं. म्हनलं, उरकून टाकू."

अश्विनीनं मला अडचण सांगितली. ती नर्स झालेली. पहिलीच नेमणूक पाथर्डीच्या पलीकडच्या एका लहानशा गावातल्या आरोग्य उपकेंद्रात. दसऱ्याला निघून सामान लावायचं आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं. गाडी चालवायला ती रीतसर शिकली होती, लायसन काढलेलं होतं, इथल्या रस्त्यावर हात बसलेला होता. पण आता डाव्या चाकाला नवे पॅड आणि उजव्याला घासून संपलेले. अशा गाडीचा ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढते. तशी गाडी पाथर्डीच्या वाटेवरच्या करंजीच्या घाटात कोणी शहाणा माणूस नेणार नाही. आणि तो एक बोल्ट सुटल्याशिवाय उजव्या चाकाचे पॅड बदलता येणार नव्हते.

मी गोणपाट अंथरून खाली बसलो, चिंधीनं बोल्ट पुसला आणि बघितला.

मग उठून डाव्या चाकाकडे गेलो. अश्विनी म्हणाली, "काका, ते झालंय." मी म्हटलं, "असू दे, बघतो." तिकडच्या बोल्टावर पान्याचा एक ओरखडासुद्धा नव्हता. इतकं सफाईचं काम कारखान्यातही क्वचित बघायला मिळतं. मी परत उजवीकडे आलो. इकडच्या बोल्टाचे सगळे कोपरे एकाच बाजूला लोटलेले होते, आणि ती बाजू सोडण्याची नव्हती. बोल्ट आवळला होता. जोर लावून, पाना पुन्हा पुन्हा बसवून, कोपरे जाईपर्यंत आवळला होता.

मी अश्विनीला थोडं डिझेल आणि जुनी सुती चिंधी आणायला घरात पाठवलं. वहिनी तिच्यामागं गेल्या. आम्ही दोघंच राहिलो.

"रंगनाथराव, डावीकडं पान्याची खूणसुद्धा उमटली नाही. इकडं काय झालं?"

"मागच्या अंगानं हात घालावा लागतो, मिस्त्री. दिशा चुकती."

"चुकते. माझीही चुकायची. पण चुकली की पहिल्याच झटक्याला हाताला कळतं."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मी पेटीतून कानस काढली आणि बोल्टाच्या डोक्यावर चालवायला लागलो. गोल झालेल्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट केल्या, की त्याच्यावर जरा लहान पाना घट्ट बसतो. इथं वेल्डिंग किंवा गॅस चालत नाही. शेजारीच ब्रेकची रबरी नळी असते, ती जळली तर दुखण्यापेक्षा इलाज भारी. कानस चालवताना माणसाकडे बघावं लागत नाही, हा तिचा एक मोठा फायदा आहे. समोरच्याला बोलायला सोपं जातं.

"करंजीचा घाट मी किती येळा उतारलो आसंल," रंगनाथराव म्हणाले. "दर खेपंला खाली आल्यावर हात पुसायचो. लोकास्नी वाटायचं, उकडतंय ड्रायव्हरला. घाटात काय काय बगितलंय ते घरात कदी बोललो न्हाई. आता ही पोरगी एकली जानार. रातच्याला कुनाचं पोट दुखलं की उठनार, गाडी काढनार. हितं मला डोळ्याला डोळा लागंल व्हय?"

"मग तिला तसं सांगा."

"सांगितलं आसतं तर थांबली आसती." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्येच तर हाय, मिस्त्री. मी नगं म्हनलं की ती थांबती. ल्हानपनापासनं तशीच हाय. मग जलमभर मला वाटत ऱ्हायलं आसतं, का बापानंच आडवलं."

म्हणून त्यांनी नको म्हणायचं काम बोल्टावर टाकलं होतं. तेही अशा दिवशी, की कुठं मिस्त्री मिळू नये. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मलाही एक मुलगी आहे. ती नाशिकला असते. तिच्या लग्नाच्या दिवशी मी पाहुण्यांच्या गेस्टहाऊसचा गळका नळ दुरुस्त करत बसलो होतो, आणि तो बराच वेळ दुरुस्त होत नव्हता.

अश्विनी डिझेल घेऊन आली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मुकाट्यानं चिंधी डिझेलात भिजवली आणि बोल्टाला गुंडाळली.

"रात्रभर मुरू दे," मी म्हटलं. "सकाळी लवकर येतो."

खरं सांगायचं तर त्या बोल्टाला डिझेलची तेवढी गरज नव्हती. रंगनाथरावांना एका रात्रीची होती.

अश्विनी स्कूटरपर्यंत सोडायला आली. चेहरा उतरला होता. "काका, नक्की निघेल ना? उद्या मी एसटीनं गेले, तर ही गाडी तात्या मागून कधीच पाठवायचे नाहीत. मला माहीत आहे."

"एवढी गाडी लागतेच का गं तिकडं?"

"मागच्या आठवड्यात गाव बघायला गेले होते," ती म्हणाली. "दिवाळी झाली की सगळं गाव ऊसतोडीला जातं. जीपवालेसुद्धा मुकादमाबरोबर निघून जातात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. एक आजी भेटल्या. त्यांनी मला पहिलं काय विचारलं सांगू? 'बाई, तुझ्याजवळ गाडी हाय का?' माझं नाव नंतर विचारलं."

मी तिला म्हटलं, "तू उद्या वेळेत निघशील." असा शब्द मी कधी देत नाही. लोखंडाच्या वतीनं शब्द द्यायचा नसतो. पण त्या दिवशी दिला, आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत आलो.

दसऱ्याला सकाळी निघताना बायको म्हणाली, "लोक आज सोनं लुटतात, तुम्ही गंजकं लोखंड लुटायला चाललात." तिला सगळं सांगितलं होतं. दारातून परत हाक मारून तिनं विचारलं, "तो बोल्ट तुम्हीच काढणार, का त्यांना काढायला लावणार?" नवऱ्याच्या धंद्यातलं इतकं कळणारी बायको असणं हे सुखाचंही आहे आणि धोक्याचंही.

त्या ब्रेकच्या बोल्टाची एक गंमत आहे. तो ज्या पिनेत बसतो, ती पिन मोकळी फिरते. नुसता बोल्ट फिरवायला गेलात तर पिनही त्याच्याबरोबर गोल फिरते आणि काहीच सुटत नाही. म्हणून दुसऱ्या पान्यानं पिन घट्ट धरावी लागते. मी एकटा दोन्ही हातांनी ते करू शकतो, आजवर करत आलोय. पण मी मनगट चोळत म्हटलं, "आज हातात कळ येतेय. अश्विनी, तू बोल्टाला पाना लाव. रंगनाथराव, तुम्ही पिन धरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पेटीत काहीतरी शोधायला लागलो.

त्यांनी पाना घेतला. अश्विनी गोणपाटावर बसली. कानस मारलेल्या डोक्यावर तिचा पाना बरोबर बसला होता.

"सोडायच्या आधी केसभर आवळ," मी सांगितलं.

"आधी आवळायचा?"

"हो. जाम बोल्टाची तीच रीत आहे. किंचित आवळला की गंजाची पकड मोडते, मग सुटतो."

रंगनाथराव खाली मान घालून पुटपुटले, "मग कालचं आवळनं अगदीच वाया न्हाई गेलं म्हनायचं."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचा हात पदरासकट तोंडाशी गेला. अश्विनीनं वळून बापाकडे बघितलं. "म्हणजे?"

"म्हंजे काय न्हाई. पाना दाब."

तिला कळलं असावं. ती रागावेल असं मला वाटलं, पण ती परत पान्याकडे वळली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. पिन गर्रकन फिरली. बोल्ट तसाच. रंगनाथरावांनी पाना धरला होता, पण पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरचं भांडं धरावं तसा, अलगद.

रस्त्यावरून झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर जात होते. तेवढाच आवाज.

"तात्या," अश्विनी खाली बघतच म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही नेणार गाडी. पण तसं तोंडानं म्हणा."

रंगनाथरावांचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतात. त्यांना नुसता एक शब्द उच्चारायचा होता, आणि घाट, रात्र, पाथर्डी सगळं टळणार होतं. मी आजवर पुष्कळ बोल्टांपाशी श्वास रोखून बसलोय, पण इतका कधी नाही.

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. मातीत फतकल मारून बसले. एक पाय चाकाच्या बैठकीला टेकवला, पाना दोन्ही मुठींत धरला आणि म्हणाले, "आता धरलंय. मार जोर, पोरी."

अश्विनीनं केसभर आवळलं आणि उलट दाबलं. कट् असा कोरडा आवाज झाला. ज्यानं तो आवाज ऐकलाय त्याला त्याची गोडी सांगावी लागत नाही, आणि ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळत नाही. पुढं बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत बाहेर आला.

माझ्या पेटीत तसलाच चांगला बोल्ट होता, तो मी दिला. नवे पॅड अश्विनीनं बसवले. रंगनाथराव नुसते सांगत होते. "पिस्टन माघारी ढकल आदी. घाई नगं. हां." बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिचा हात मध्येच थांबवला. "बास. एवढाच. जास्त आवळून कुनाचं भलं झालं न्हाई." हे सांगताना ते माझ्याकडे बघून मिस्कील हसले. मग चाक चढवलं. अश्विनीनं रस्त्यावर एक चक्कर मारून ब्रेक दाबून बघितला. गाडी नाकासमोर उभी राहिली.

मग दसऱ्याची पूजा झाली. वहिनींनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, पुढं झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मागच्या सीटवर गादीची वळकटी, स्टोव्ह, डबे, औषधांचं खोकं. मला आपट्याची पानं मिळाली आणि जेवूनच जा असा हुकूमही. अश्विनी आईच्या पाया पडली, माझ्या पडली, बापाच्या पडली. रंगनाथरावांनी तिला काही उपदेश केला नाही. मला वाटलं होतं, घाटाबद्दल, गिअरबद्दल, रात्रीच्या दिव्यांबद्दल बोलतील. त्यांनी फक्त पुढची काच फडक्यानं पुसली. स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसली.

ती गाडीत बसली. इंजिन सुरू झालं. चाकाखालचं लिंबू चिरडलं आणि गाडी अंगणातून हळूहळू फाटकाकडे सरकायला लागली. रंगनाथराव शेजारून चालत होते. फाटकाशी आल्यावर त्यांनी टपावर एकदा हात मारला.

ठक्.

गाडी जागच्या जागी थांबली. अश्विनीनं मान बाहेर काढली नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. एसटी ड्रायव्हरची पोर ती. कंडक्टरची एक घंटा झाली की थांबायचं आणि दोन झाल्या की निघायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ती आरशात बघत बसून राहिली. रंगनाथरावांचा हात टपावर तसाच होता. ते वाकून उजव्या चाकाकडे बघत होते. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. सगळे नट मी स्वतः तपासले होते, त्यांनीही तपासले होते. वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो."

उभं आयुष्य हा माणूस स्टिअरिंगवर बसून मागच्या घंटेची वाट बघत होता. दुसरा कुणीतरी घंटा द्यायचा, आणि मग हा निघायचा. ती देणाऱ्याला काय काय बघून द्यावी लागते, ते त्यांना त्या दिवशी कळत असावं.

ते सरळ झाले. डोळे पुसले, उघड पुसले, आणि टपावर हात मारला.

ठक्, ठक्.

गाडी निघाली.